आत्याचा नमुना

विभागात थिसिसचे विषय वाटले गेले तेव्हा बारकीच्या वाट्याला जंत आले.

तिच्याबरोबरच्या मुलाला विषाणू मिळाले आणि तिसरीला बुरशी. तिघंही शिकून डॉक्टर झालेले होते आणि आता आणखी शिकून प्रयोगशाळेतले डॉक्टर होणार होते, म्हणजे रोग्याचं तोंडही न बघता त्याचा रोग ओळखणार होते. आठवडा उलटायच्या आत विभागात त्यांची खरी नावं मागे पडली आणि विषाणूवाला, बुरशीवाली, जंतवाली एवढंच उरलं. बारकीला त्याचं विशेष वाटलं नाही. शेंडेफळ म्हणून घरात तिला बारकी म्हणायला लागले ते ती चांगली ताडमाड वाढल्यावरही म्हणतच राहिले होते. नावाच्या बाबतीत आपलं कोणी ऐकत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

विषय देणारे सर विभागप्रमुख होते आणि तिचे गाईडही. तरुणपणी त्यांनी याच गावातल्या शाळाशाळांमधून नमुने गोळा करून दाखवून दिलं होतं की निम्म्याहून अधिक मुलांच्या पोटात जंत आहेत. त्या एका कामावर त्यांचं नाव झालं, बढत्या मिळाल्या आणि खिडकीजवळची मोठी खोली मिळाली. त्या काळच्या स्लाइड्सची एक लाकडी पेटी त्यांच्या कपाटात होती. कोणी पाहुणा आला की ते ती पेटी घरातले दागिने दाखवावेत तशी उघडत.

"तेच काम पुन्हा करायचं," सर म्हणाले. "त्याच शाळा, त्याच वयाची मुलं. तेव्हाचे आकडे आणि आत्ताचे आकडे शेजारीशेजारी मांडायचे, झाला थिसिस. सोपं आहे. जंत काही कुठे पळून जात नाहीत."

बारकी खूश होऊन घरी आली. घर म्हणजे आत्याचं घर; शिक्षणापुरती ती तिथे राहत होती. आत्या शाळांच्या आरोग्य विभागातून निवृत्त झालेली परिचारिका. तिने लग्न केलं नाही, संसार मांडला नाही, सगळी नोकरी जंतांच्या हात धुवून मागे लागण्यात घालवली. वर्षातून दोनदा ती शाळेत जाई, मुलांना रांगेत उभं करी, प्रत्येकाच्या तोंडात गोळी घाली आणि जीभ वर करायला लावून ती गिळली की नाही ते बघे. सगळं गाव तिला गोळीबाई म्हणायचं. आता बँकेत साहेब झालेला एक गृहस्थ काउंटरवर तिला पाहिलं की अजूनही क्षणभर तोंड उघडायला बघायचा.

आत्याने विषय ऐकला आणि हातातला चमचा खाली ठेवला.

"या गावात जंत नाहीत," ती म्हणाली.

"सर म्हणतात, शोधले की सापडतात."

"तुझे सर शाळेत शेवटचे कधी गेले होते, ते विचार त्यांना."

बारकीने ते विचारलं नाही. गाईडला असलं काही विचारून कोणाचं भलं होत नाही, एवढी अक्कल तिला पहिल्याच वर्षी आली होती.

मग ती झाकणाच्या डब्यांची पिशवी खांद्याला लावून शाळांमधून फिरू लागली. मुलांना डब्या द्यायच्या, दुसऱ्या दिवशी भरून आणायला सांगायचं, आणायला विसरलेल्यांची समजूत घालायची आणि चुकून दप्तरात उघडलेल्या डबीबद्दल बाईंची माफी मागायची. एका मुख्याध्यापिकेने तर तिला खुर्चीसुद्धा दिली नाही. "आमच्या शाळेत जंत?" ती म्हणाली. "अहो, ही गोळीबाईंची शाळा आहे." गोळीबाई आपली आत्या आहे हे बारकीने मुद्दामच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खुर्ची मिळाली असती, पण मग आत्याच्या बाजूने आल्यासारखं झालं असतं.

डब्या विभागात आल्या की ती एकेक नमुना कालवून, गाळून, काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरायची. सरांच्या पेटीतल्या स्लाइड्सवर काय देखणी अंडी होती. काही पिंपासारखी, दोन्ही टोकांना बुचं लावलेली; काही खडबडीत सालीची, सोनेरी. बारकीच्या काचेवर मात्र न पचलेल्या भाजीचे दोरे, पिठाचे कण आणि हवेचे बुडबुडे. पहिली शाळा कोरी गेली. दुसरीही. तिसऱ्या शाळेत एक परागकण सापडला आणि त्याच्यावर तिने अख्खी सकाळ आशा लावली.

बुरशीवालीचं बरं चाललं होतं. तिच्याकडे लोक आपल्या पायांनी चालत येत. एक नख कापून घेतलं की दुसरं पुढे करत. विषाणूवाला नमुने यंत्रात घालून चहाला जायचा आणि परत येईपर्यंत यंत्राने उत्तर काढलेलं असायचं. दोघांना तिची दया यायची आणि ती दया बारकीला फार लागायची.

"तुझी पद्धत चुकतेय," सर म्हणाले.

तिने पद्धत पुन्हा पहिल्यापासून शिकून घेतली. तरी काही नाही.

मग एक दिवस तिच्या काचांमध्ये एक काच निघाली, तिच्यावर अंडीच अंडी. ती धावत सरांच्या खोलीत गेली. सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"ती मी ठेवली होती, जुन्या साठ्यातली. तुला दिसतंय की नाही ते बघायला."

"मग दिसलं ना, सर."

"दिसलं," सर खिन्नपणे म्हणाले. "म्हणजे डोळे ठीक आहेत. गावच बिघडलंय."

घरी दर संध्याकाळी आत्या पानावर बसता बसता एकच शब्द विचारायची, "आज?"

"काही नाही," बारकी म्हणायची, आणि आत्या तिला न विचारता आणखी वाढायची. थिसिस जसजसा बुडत चालला तसतशी बारकी अंगाने भरत गेली.

याहून वाईट गोष्ट तिच्या मनात चालली होती आणि ती कोणाला सांगण्यासारखी नव्हती. शाळेच्या फाटकाशी एका आईने तिला थांबवलं. पोरगी किडकिडीत, फिकट, सारखी पोट दुखतं म्हणणारी. बारकीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. ती त्या मुलीशी इतक्या मायेने बोलली, तिच्या केसांवरून हात फिरवला, दोन डब्या जास्त दिल्या. तीनदा तपासूनही त्या पोटात काही निघालं नाही. तसं सांगितल्यावर त्या आईने तिचे दोन्ही हात धरले. "जीव भांड्यात पडला हो," ती म्हणाली. बारकी हसली. हसताना तिला कळलं की या बाईच्या पोरीला काही नाही, याचं आपल्याला वाईट वाटतंय. त्या दिवशी तिने जास्तीचं वाढून घेतलं नाही. आत्याला वाटलं, पोट बिघडलंय.

वर्ष हातचं जायला लागलं तशी सरांनी नवी वाट काढली. "साधी काच पुरत नाही," ते म्हणाले. "आगरच्या प्लेटवर लावू. थोडे असले तरी चुकायचे नाहीत." आगर म्हणजे जेलीसारखा पातळ थर, त्याच्या मधोमध नमुना ठेवून प्लेट बंद करायची आणि दोन दिवस वाट बघायची. "आणि एक कंट्रोल हवा. ठाम निगेटिव्ह. ज्याच्या पोटात काही नाही याची आपल्याला खात्री आहे असा माणूस. आहे कोणी?"

आत्याच्या घरात त्या दिवसांत वेगळीच कटकट चालू होती. तिचा दमा. खोकला तिला वर्षानुवर्षं होता, पण अलीकडे तो रात्रंदिवस पिच्छा पुरवत होता. छातीच्या डॉक्टरांनी जोरदार गोळ्या लिहून दिल्या होत्या. हातातलं औषध संपलं की त्या सुरू करायच्या म्हणून आत्याने पाकीट फ्रिजवर ठेवलं होतं. खोकता खोकताच तिने कंट्रोलची गोष्ट ऐकली.

"माझा घे," ती म्हणाली.

"आत्या, अगं, तुझा कसा?"

"का? माझ्याइतकं स्वच्छ पोट या गावात दुसऱ्या कोणाचं आहे? पोरांना गोळी द्यायच्या आधी दर खेपेला मी स्वतः घेऊन दाखवायचे. सांग तुझ्या सरांना, शंभर नंबरी निगेटिव्ह आहे म्हणावं."

सरांना तिने फक्त, कंट्रोल मिळाला, एवढंच सांगितलं.

दोन दिवसांनी ती विभागात गेली आणि प्लेट्स उजेडाला धरून बघू लागली. मुलांच्या प्लेट्स जशाच्या तशा होत्या. शेवटची कंट्रोलची. तिच्यावर बारीक ठिपक्यांच्या रेघा उमटल्या होत्या, नमुन्यापासून निघून कडेपर्यंत गेलेल्या, वळणं घेत, एकमेकींना ओलांडत, ओल्या वाळूवर कोणी बोट ओढत नेल्यासारख्या. मुंगी गेली असेल, असं तिला वाटलं. झाकण बंद होतं. तिने प्लेट तशीच मायक्रोस्कोपखाली सरकवली. रेघेच्या टोकाशी एक सूक्ष्म जिवंत दोरा वळवळत होता. जाईल तिथे अंगावरचे जिवाणू सांडत होता आणि त्यांच्याच ठिपक्यांनी त्याची वाट उठून दिसत होती. त्याच्या मागे आणखी एक. आणि आणखी.

तिने सरांना हाक मारली. सरांनी डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. काढला तेव्हा ते दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

"अळ्या आहेत," ते म्हणाले. "हा अंडी टाकत नाही, म्हणून काचेवर तुला कधी दिसला नसता. चिखलातून अनवाणी पायाच्या कातडीत शिरतो, रक्तातून फुप्फुसात, तिथून पोटात. आणि एकदा आत गेला की आतल्या आत स्वतःची पिलावळ वाढवत राहतो. माणूस चिखल सोडून गेला, म्हातारा झाला, तरी हा आहेच. शाळेतली ती एक गोळी याच्यापुढे काही नाही. काय सुंदर चालतोय बघ. कुठल्या शाळेचा?"

"शाळेचा नाही, सर. कंट्रोलचा."

सर हसायला लागले. खिशातला रुमाल काढून डोळे पुसेपर्यंत हसले. मग अचानक थांबले.

"कंट्रोल कोण आहे? वयस्कर?"

"हो."

"खोकला, दमा असं काही?"

"आहे. खूप जुना."

"स्टेरॉइड तर चालू नाही ना? त्या गोळ्या घेतल्या की शरीर याला आवरायचं थांबतं. मग हा सगळीकडे पसरतो. माणूस हातचा जातो."

बारकीने शेवटचं वाक्य जिन्यात ऐकलं. ती एप्रनसकट रस्त्याने धावत सुटली. चौकातल्या माणसांनी कुठे अपघात झाला म्हणून मागे वळून पाहिलं.

आत्या टेबलाशी बसून मटार सोलत होती. समोर पाण्याचा पेला आणि पेल्याशेजारी ते पाकीट.

"घेतलीस?" बारकीने दारातूनच विचारलं.

"जेवणानंतर घ्यायचीय. तुला काय झालं?"

बारकीने पाकीट उचललं, नाव वाचलं आणि एप्रनच्या खिशात घातलं. मग ती खाली बसली आणि दम खात, जमेल तसं, सगळं सांगितलं. आत्याने ते मटार सोलणं न थांबवता ऐकून घेतलं.

"डबी बदलली असेल," ती म्हणाली.

"नाही बदलली."

"तुमच्या विभागातली घाण असेल. तिथे काय कमी जंत आहेत?"

"आत्या, दुसरा नमुना दे. पुन्हा लावते."

तिने दुसरा नमुना दिला, वर डबीवर स्वतःची सही केली. त्या दुसऱ्या प्लेटवरच्या रेघा पहिल्यापेक्षाही ठसठशीत निघाल्या.

त्या संध्याकाळी आत्याने "आज?" असं विचारलं नाही. ताटं उचलताना ती आपण होऊन बोलायला लागली. नोकरी नवी होती तेव्हा नदीपलीकडच्या वस्त्यांना रस्ता नव्हता, चिखलात पोटरीपर्यंत पाय जायचे. "चपला हातात धरून जायचे मी," ती म्हणाली. "पिशवीत घालून. तिकडे पोचल्यावर पाय धुवायचे, स्वच्छ चपला घालायच्या आणि मग बायकांना समजावून सांगायचं की चिखलात अनवाणी चालू नका."

बारकीला हसू आवरेना. आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं आणि मग तिच्याही ओठांचा कोपरा हलला.

"लिहिणार हे?" तिने विचारलं.

"नाव कधीच येत नाही, आत्या."

"वय येतं. स्त्री-पुरुष येतं. व्यवसाय येतो. निवृत्त परिचारिका, शाळा आरोग्य विभाग. गावात दुसरी कोण आहे अशी? नाव घालायचं बाकी काय राहिलं?"

आत्याच्या संमतीशिवाय एक अक्षर लिहायचं नाही, हे बारकीने सांगून टाकलं. आत्या म्हणाली, "आधी मला तो बघू दे."

दुसऱ्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून विभागात आली. सर दारापर्यंत सामोरे आले. दोघांनी एकमेकांना निरखून पाहिलं, आणि सरांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"तुम्ही आरोग्य विभागातल्या ना?"

"ओळखलंत म्हणजे," आत्या म्हणाली. "तुमच्या त्या पहिल्या कामाचे नदीपलीकडचे नमुने कोण आणायचं वाटतं?"

"शिपाई आणायचा."

"शिपाई माझ्या हातून घेऊन तुमच्या टेबलावर ठेवायचा. चिखल मी तुडवायचे."

नुसते नमुने मागवले की येतात, एवढंच सरांना तेव्हा ठाऊक होतं. ते कुठून आणि कोणाच्या पायांनी येतात याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. "म्हणजे हा तुम्हाला माझ्याच कामात..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"असेल. काय सांगावं," आत्या म्हणाली. "पण तुमचे आकडे वाचूनच मी त्या गोळ्या सुरू करायला लावल्या. वरच्यांच्या डोक्यात शिरेना, तर तुमचा लेख त्यांच्या टेबलावर आपटला होता. त्यामुळे तुमचे जंत गेले त्याला तुम्हीच जबाबदार आहात."

सरांना हे बक्षीस म्हणावं की आरोप, ते ठरवता येईना. त्यांनी तिच्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

आत्याने चष्मा काढला, घातला, पुन्हा काढला. बारकीने प्लेट नीट जागेवर आणून दिली. आत्याने डोळा लावला आणि तशीच राहिली. आयुष्यभर तिने भिंतीवर टांगायचे तक्ते दाखवले होते. त्यावरचे जंत सापाएवढे होते आणि त्यांना दात काढले होते. जिवंत तिने कधी पाहिला नव्हता.

"एवढासा," ती म्हणाली. "फार चपळ आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "हा कडेला निघालाय. पडणार नाही ना?" विषाणूवाला आणि बुरशीवाली मागे येऊन उभे राहिले, त्यांनाही बघायचं होतं. आत्या जागची हलली नाही.

मग तिला दुसऱ्या औषधाच्या गोळ्या मिळाल्या, सरांनी छातीच्या डॉक्टरांशी स्वतः बोलून त्यांच्या गोळ्या रद्द करवल्या. महिन्याभरात तिचा खोकला बराच उतरला. सगळा गेला नाही. थोडा दमा तिचा खराच होता. पण रात्रीची झोप तिला लागू लागली. पुन्हा पुन्हा लावलेल्या प्लेट्स कोऱ्या निघाल्या, आणि या वेळी कोरी प्लेट बघून बारकीला जेवढा आनंद झाला तेवढा सगळ्या वर्षात झाला नव्हता.

थिसिसचं काय करायचं, हा प्रश्न मात्र होताच. मुलांमध्ये काही नाही, हे सरांनी शेवटी मान्य केलं, म्हणजे तसं कागदावर लिहायला परवानगी दिली. पण आता त्यांच्या डोक्यात दुसरंच शिरलं होतं. त्या काळी चिखलात फिरलेले सगळे लोक आज कुठे आहेत? परिचारिका, ड्रायव्हर, हौद साफ करणारे, नळ खात्याचे मजूर. सगळे म्हातारे झाले असणार, आणि त्यातल्या कित्येकांना आज ना उद्या कोणीतरी त्याच जोरदार गोळ्या लिहून देणार.

"त्यांचे नमुने कोण देणार, सर?" बारकी म्हणाली. "शाळेतली पोरं ऐकतात. ही माणसं दारात उभंसुद्धा करणार नाहीत."

हे तिने घरी सांगितलं आणि आत्याने डब्यांची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

पहिलं घर आरोग्य विभागाच्या जीपवरच्या जुन्या ड्रायव्हरचं होतं. गृहस्थ फाटकातच आडवे उभे राहिले. त्यांना काही एक झालेलं नव्हतं, त्यांची तब्येत ठणठणीत होती, आणि असल्या गोष्टी बायकांसमोर बोलायच्या नसतात, असं त्यांचं म्हणणं होतं. शेजारची खिडकी उघडली. समोरच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाने पैसे मोजणं थांबवलं. बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं; ती आत्याला हळूच म्हणाली, "चल, पुन्हा येऊ."

"लाजायचं काय त्यात?" आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज शाळेच्या मैदानावर रांगा लावलेला आवाज होता. "माझ्यात होता. जिवंत. मी डोळ्यांनी पाहिला. तुमच्याच जीपमधून उतरून चिखलात गेले होते, आणि तीच जीप ढकलायला तुम्हीही उतरला होतात. विसरलात?"

खिडकीतली बाई आणखी पुढे झुकली. ड्रायव्हरांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग आत्याकडे, आणि मग हात पुढे केला.

"द्या," ते म्हणाले. "पण दोन द्या. माझे सासरेही नळ खात्यात होते, ते आत झोपलेत."

आत्याने दोन डब्या दिल्या, झाकण कसं घट्ट लावायचं ते दाखवलं, आणि बारकीला पुढच्या घराकडे चलायची खूण केली.